तीन आकडे दिले की चौथा काढायचाच असतो का?

परवा रात्री साडेनऊला भाचीचा व्हिडिओ कॉल आला. व्हिडिओ कॉल म्हणजे काय, तर कॅमेऱ्यासमोर उघडी वही आणि वहीच्या मागून आवाज. "मामा, माझं उत्तर ८ येतंय आणि पुस्तकात मागे ९ दिलंय, पुस्तकच चुकलंय ना?" सातवीतल्या मुलीचा छापील उत्तरावर विश्वास नाही हे बघून मला खरं तर बरं वाटलं, आमच्या वेळी मागचं उत्तर जुळेपर्यंत आम्ही आकडे वाट्टेल तसे गुणायचो, भागायचो आणि जुळलं की खाली दोन रेघा मारून मोकळे व्हायचो.

गणित असं होतं. एका फोटोची उंची ४ इंच आणि रुंदी ६ इंच आहे. तोच फोटो मोठा करून उंची ६ इंच केली, तर रुंदी किती होईल?

तिचं म्हणणं, उंची दोनने वाढली, मग रुंदीपण दोनने वाढणार. सहा आणि दोन आठ. विषय संपला.

मी म्हटलं अगं नाही, सोप्पंय, चाराला सहा तर सहाला किती, तिरका गुणाकार कर. साही साही छत्तीस, भागिले चार, नऊ. तिने निमूट लिहिलं, ९ आलं, पुस्तकाशी जुळलं. आता फोन ठेवेल असं वाटलं तर म्हणते, "बरं. पण मग ८ का चूक?"

"कारण ते प्रमाणातलं गणित आहे."

"पण तसं कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं थांब जरा, पाणी पिऊन येतो. तहान वगैरे काही लागली नव्हती. उत्तर नव्हतं माझ्याकडे. शाळेत गणितात कायम पैकीच्या पैकी, इंजिनिअरिंग केलं, रोज आकड्यांमध्ये बसतो आणि सातवीच्या मुलीला '८ का चूक' हे सांगता येईना. पद्धत तोंडपाठ, पण ती इथे का लावायची हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

त्रैराशिक म्हणजे आमच्यासाठी एक मशीन होतं. तीन आकडे टाकायचे, चौथा बाहेर येतो. शाब्दिक उदाहरण वाचायचं म्हणजे त्यातले शब्द गाळून आकडे तेवढे वेचायचे. एकदा सरांनी वर्गात तोंडी विचारलं, एक शर्ट दोरीवर वाळायला २ तास लागतात तर ५ शर्ट वाळायला किती? सगळ्यात आधी हात माझा. "१० तास, सर!" सर काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की सर एकच दोरी आहे का, आणि वर्ग हसायला लागला. मला वाटलं त्या प्रश्नाला हसतायत. दोन मिनिटांनी कळलं की माझ्या उत्तराला हसतायत.

असो. पाणी पिऊन आलो तेव्हा एक गोष्ट सुचली होती. तिला म्हटलं, तुझा नियम बरोबर आहे असं धरू. उंचीत जेवढी भर तेवढीच रुंदीत. मग आता फोटो मोठा नको, लहान करू. उंची १ ने कमी केली तर? म्हणाली ३ बाय ५. अजून एक? २ बाय ४. अजून? १ बाय ३. अजून?

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "० बाय २. ई, उंचीच नाही पण रुंदी आहे!"

दोन इंच रुंद आणि उंची शून्य, असा फोटो. आता उलट्या बाजूने जा म्हटलं, दोन्हीत १०० मिळव. १०४ बाय १०६. जवळजवळ चौकोन झाला. आडव्या फोटोत शेजारी शेजारी उभी असलेली माणसं त्या चौकोनात कशी दिसतील? तीच म्हणाली, "वरून खाली ताणल्यासारखी. उभी लांबुडकी." म्हणजे बेरजेने फोटो मोठा होतो खरा, पण तो *तोच* फोटो राहत नाही. गणितात लिहिलेलं होतं 'तोच फोटो', आणि आम्ही दोघांनीही तो शब्द ओलांडून थेट आकड्यांवर उडी मारली होती. ८ ला चूक ठरवणारं वाक्य गणितातच होतं, फक्त ते आकड्यात नव्हतं. 'तोच' राहायचा तर उंचीच्या दीडपट रुंदी हे नातं सुटता कामा नये. ४ ची दीडपट ६, आणि ६ ची दीडपट ९.

आता समाधान होईल असं वाटलं, पण पोरगी हुशार आहे (आईवर गेली आहे, मामावर नाही). म्हणाली, "पण मामा, ६ बाय ८ ची प्रिंट मिळते की. आमच्याकडे फ्रेम आहे त्या साइझची."

मिळते! आणि नुसती तेवढीच नाही. फोटोच्या प्रिंटचे नेहमीचे काही साइझ बघा, ४ बाय ६, ५ बाय ७, ६ बाय ८, ८ बाय १०. या चारांत फरक बरोबर दोनचाच. इतकी वर्षं हे साइझ मी बघतोय, तोंडाने बोलतोय, पण यांच्यातला फरक दोन आहे हे त्या रात्रीपर्यंत डोळ्यांत भरलं नव्हतं. तिचा 'चुकीचा' नियम प्रत्यक्ष कागदावर छापून विकला जातोय. फक्त त्यात एक मेख आहे. ४ बाय ६ मध्ये रुंदी उंचीच्या दीडपट, ५ बाय ७ मध्ये १.४ पट, ८ बाय १० मध्ये सव्वापट. ३५ मिमी फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे पुन्हा दीडपटच, त्यामुळे ४ बाय ६ त्यावर चपखल बसतो. पण तोच फोटो ८ इंच उंच करायचा तर रुंदी १२ लागते, कागद मात्र १० चा. उरलेले २ इंच कुठे जातात? कापले जातात. ग्रुप फोटो मोठा करून फ्रेम केला की कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा किंवा अर्धा कान गायब असतो ना, तो या गणितात गेलेला असतो. भाचीने त्याच क्षणी उठून भिंतीवरची फ्रेम बघितली, मागून ताईचा आवाज, "आता काय शोधतेस?", आणि हिचं उत्तर, "कापलेला माणूस."

नंतर मी जरा वाचायला बसलो तर लक्षात आलं की हा ८ फार जुना आणि फार प्रसिद्ध आहे. रॉबर्ट कार्पलस म्हणून अमेरिकेत एक भौतिकशास्त्रज्ञ होते, ते पुढे शाळेतल्या विज्ञान शिक्षणाकडे वळले, त्यांनी १९७० च्या आसपास मुलांना एक कोडं घालायला सुरुवात केली. एक बुटके गृहस्थ आणि एक उंच गृहस्थ. बटणांनी मोजले तर बुटके ४ बटणं उंच, उंच गृहस्थ ६ बटणं. आता बुटक्यांना पेपरक्लिपांनी मोजलं तर ६ क्लिपा भरल्या, तर उंच गृहस्थ किती क्लिपा? आकडेसुद्धा हुबेहूब आमचेच, ४, ६, ६. आणि ढीगभर मुलांनी सांगितलं ८, कारण बटणं दोन जास्त आहेत तर क्लिपापण दोन जास्त. गंमत म्हणजे बटण आणि क्लिप एका मापाचे नाहीत, दोन बटणांच्या जागी दोन क्लिपा बसणारच नाहीत, हे डोळ्यांना दिसत असून मन बेरजेकडे जातं.

मला वाटतं यात मुलांचा फारसा दोष नाही. ४ चे ८ केले असते तर भाचीने झटक्यात १२ सांगितलं असतं, दुप्पट दिसते. ४ चे ६ म्हणजे दीडपट, ती दिसत नाही, दिसतो तो दोनचा फरक. पट अडचणीची असली की माणूस फरकाकडे वळतो. मोठी माणसंपण वळतात, फक्त त्यांची वही कुणी तपासत नाही.

यातून सुटायला शाळेत जी एकमान पद्धत शिकवतात ना, 'एकाला किती' वाली, तिची किंमत मला आत्ता कळली. तेव्हा ती लहान मुलांची वाटायची, जरा शिंगं फुटली की आम्ही तिरक्या गुणाकारावर उड्या मारायला लागलो. पण बघा, १२ पानं छापायला ३ मिनिटं तर २० पानांना किती? तिरक्या गुणाकारात तुम्ही २० ला ३ ने गुणता आणि ६० येतात. हे ६० काय आहे? पान-मिनिटं? त्याला काही अर्थच नाही, तो मधला आकडा हवेत लोंबकळतो आणि १२ ने भागल्यावर अचानक ५ म्हणून खाली उतरतो. एकमान पद्धतीत आधी ३ भागिले १२, म्हणजे पाव मिनिट, म्हणजे एका पानाला १५ सेकंद. हे कळतं, डोळ्यांसमोर प्रिंटर दिसतो. मग २० पानांना ३०० सेकंद, ५ मिनिटं. वाटेत कुठेही थांबलात तरी हातात असलेल्या आकड्याला नाव आहे. आणि 'एका पानाला १५ सेकंद' हे वाक्य मनात म्हटलं की आपोआप प्रश्न पडतो, प्रत्येक पानाला खरंच तेवढेच लागतात का? पहिल्या पानाला प्रिंटर गरम व्हायला वेळ नाही का घेत? तिरका गुणाकार हा प्रश्न पडूच देत नाही.

तरी त्रैराशिकाला मी नावं ठेवणार नाही, कारण मुळात ते इतकं आंधळं नव्हतंच. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हा नियम एका श्लोकात बसवलाय, आणि त्यात तीन राशींना नावं आहेत, प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण म्हणजे जे माहीत आहे ते माप, त्याला मिळालेलं ते फल, आणि ज्याच्यासाठी आपल्याला जाणून घ्यायचंय ती इच्छा. इच्छेला फलाने गुणा, प्रमाणाने भागा, मिळालं इच्छाफल. आमच्या वहीत जिथे कोरडं प्रश्नचिन्ह असायचं त्याच्या डोक्यावर 'इच्छा' लिहायचं, काय सुंदर शब्द आहे! पुढे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात स्पष्ट सांगून ठेवलं की प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात, फल वेगळ्या जातीचं, ते मधे मांडायचं. आणि इच्छा वाढली की फळ घटत असेल तर ते व्यस्त त्रैराशिक, तिथे क्रिया उलट. म्हणजे आकडे मांडायच्या आधी थांबून बघा की कोण कोणाच्या जातीचं आहे आणि एक वाढला की दुसरा कुठे जातो. हे थांबणंच आमच्यापर्यंत पोचेतो गळून गेलं, गुणा-भागा तेवढं शिल्लक राहिलं.

तर भाचीला आणि मला मिळून एक प्रश्न सापडला, जो आम्ही आता प्रत्येक गणिताला विचारतो. *इथे काय बदलत नाहीये?*

फोटोत भागाकार बदलत नाही, रुंदी भागिले उंची कायम दीड. ते समप्रमाण. टाकी भरायचीये, ३ नळांना ८ तास लागतात, तर ४ नळांना? तिथे गुणाकार बदलत नाही, ३ गुणिले ८ म्हणजे २४ नळ-तासांचं काम आहे, चारांत वाटलं की ६. ते व्यस्त. (हे 'नळ-तास' मात्र खरे असतात बरं का, वरच्या पान-मिनिटांसारखे हवेतले नाहीत.) वयाच्या गणितात फरक बदलत नाही. ती जन्मली तेव्हा मी २८ वर्षांचा होतो, ती १ ची झाली तेव्हा मी तिच्या २९ पट, आज ती १२ ची आणि मी ४० चा, म्हणजे साडेतीन पटसुद्धा नाही, पण फरक २८ तो २८ च. इथे तिचा बेरजेचा नियम शंभर टक्के बरोबर आहे! नियम वाईट नव्हता, चुकीच्या घरी गेला होता. आणि शर्टांच्या गणितात दोरी पुरेशी असेल तर वेळच बदलत नाही. २ तास म्हणजे २ तास. एवढं साधं.

मेणबत्ती जरा फसवी आहे. २० सेंटिमीटरची मेणबत्ती तासाला ३ सेंटिमीटर जळते. जळालेली लांबी प्रमाणात, १ तासाला ३, २ तासांना ६, शून्य तासांना शून्य. पण उरलेली? १ तासानंतर १७ उरली, तर २ तासांनंतर किती उरेल, असं घाईत विचारलं तर मशीन ३४ सांगतं, म्हणजे जळता जळता मेणबत्ती वाढली. या दोन्हींचा आलेख सरळ रेघच येतो, पण एक रेघ शून्यातून निघते आणि दुसरी २० वरून. प्रमाण फक्त शून्यातून निघणाऱ्या रेघेला म्हणायचं. म्हणून आम्ही दुसरी चाळणी लावतो, 'शून्य टाकल्यावर शून्य येतं का?' भाचीच्या फोटोत शून्याला २ आले होते, तिथेच तो पकडला गेला होता.

मोबाईल चार्जिंगचं तर विचारूच नका. अर्ध्या तासात ५० टक्के झालं म्हणून अजून अर्ध्या तासात १०० होईल या हिशोबावर मी किती वेळा उशिरा निघालोय. लिथियम-आयन बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट मुद्दाम कमी कमी होत जातो, शेवटचे टक्के रेंगाळतात. तिथे ना भागाकार टिकतो ना गुणाकार.

आणि कामकरी माणसांची गणितं. १२ मजूर एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर १२० मजूर १ दिवसात, आणि १२०० मजूर? उत्तर ४८ मिनिटं येतं किंवा २ तास २४ मिनिटं, दिवस ८ तासांचा धरता की २४ तासांचा त्यावर, आणि १२०० माणसं एका भिंतीपाशी उभी कुठे राहणार हे कुणी विचारत नाही. हसू नका, माझ्या ऑफिसात हे गणित दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी गंभीर चेहऱ्याने मांडतं, प्रोजेक्टला उशीर झालाय, चार जण आहेत, आठ करा, निम्म्या वेळात होईल. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायचं जुन्यांनीच, आणि एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या माणसांच्या प्रमाणात वाढत नाहीत, चार जणांत ६ जोड्या होतात आणि आठांत २८. मीटिंगमध्ये हे बोलायचा मी एकदा प्रयत्न केला. त्यावर एक मीटिंग लागली.

हे सगळं गमतीचं. पण एकदा हेच गणित रात्री दोन वाजता समोर आलं होतं, आणि ते मी भाचीला अजून सांगितलेलं नाही.

मुलगा तेव्हा वर्षाचा, वजन बरोबर १० किलो. ताप आला की द्यायचं औषध डॉक्टरांनी ठरवून दिलेलं होतं, किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलेलं, दर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५, म्हणून ६ मिलिलिटर. हा सहा आमच्या घरात इतका पक्का बसला होता की मिलिग्रॅम वगैरे सगळे विसरले होते, 'सहा द्यायचं' एवढंच. झाकणासारखं ते छोटं प्लास्टिकचं माप, त्यावर पुसट रेघा, सहाच्या रेघेवर बायकोने पेनने खूण केली होती. ती बाटली संपली आणि नवी आणली. त्या रात्री मुलगा तापाने फणफणलेला, खांद्यावर रडतोय, मी एका हाताने माप धरून दुसऱ्या हाताने ओततोय, खुणेपर्यंत भरलं पण. आणि बाटली खाली ठेवताना दिव्याचा उजेड लेबलवर पडला. दर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम.

तोच रंग, तसाच वास, औषधाचं नावही तेच. १ मिलिलिटरमध्ये २५ च्या जागी ५०. मापात सहा भरलेलं, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. दुप्पट.

मी ते बेसिनमध्ये ओतलं, आणि हात थरथरत होता म्हणून पुन्हा भरायच्या आधी मोबाईलवर हिशोब केला. १५० भागिले ५०. सातवीतलं पोर तोंडी करेल. उत्तर ३ आलं तरी विश्वास बसेना, बायकोला उठवलं, तिने स्वतंत्र केलं, तिचंही ३. मग दिलं. पेनची खूण तेव्हाच रगडून पुसली.

सहा हा आकडा कधी खरा नव्हताच, तो त्या एका बाटलीपुरता होता. न बदलणारा आकडा १५० होता, आणि आम्ही नेमका तोच विसरलो होतो. बाटली दुप्पट तीव्र झाली की माप निम्मं, हे व्यस्त, एकाच बाटलीत डोस वाढला की माप वाढणार, हे सम, दोन्ही एकाच झाकणात. आता मुलगा मोठा झालाय, वजन वाढलं तसा डोसही डॉक्टरांनी बदलला, पण मी अजून कुठलंही पातळ औषध घेतलं की आधी लेबल दिव्याखाली धरतो, घरचे वैतागतात.

काल पुन्हा भाचीचा कॉल. या वेळी वही नाही, चक्क चेहरा. "मामा, स्वाध्यायातली १६ गणितं आहेत, वीस मिनिटांत ४ झाली. आई विचारतेय झोपायला किती वेळ लागेल."

मी म्हटलं, पाच मिनिटांना एक, राहिली बारा, म्हणजे अजून एक तास.

"नाही," ती म्हणाली. "शेवटची चार स्टारवाली आहेत."